उलट वळवलेल्या चाकांचा हिशेब: ड्रिफ्ट गाडीचे अलाइनमेंट आणि टायर

गाडीचे अलाइनमेंट करून घेणे म्हणजे काय, हे आपल्याकडे गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. दर पाच किंवा दहा हजार किलोमीटरनंतर गाडी टायरवाल्याकडे न्यायची, चारही चाकांना सेन्सर अडकवले जातात, पडद्यावरचे लाल आकडे हिरवे होईपर्यंत कारागीर खाली वाकून टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) फिरवतो आणि बॅलन्सिंगचे पैसे धरून बिल हातात येते. गाडी एका बाजूला ओढत नसेल, स्टिअरिंग सरळ राहत असेल आणि टायर एकाच कडेने खात नसेल, तर काम चोख झाले असे आपण समजतो, आणि रोजच्या गाडीपुरते ते बरोबरही आहे. या साऱ्या व्यवहारामागे एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते: गाडीचे नाक जिकडे असेल, तिकडेच गाडी जाते.

ड्रिफ्ट करणाऱ्या, म्हणजे वळणावर मुद्दाम घसरवत नेल्या जाणाऱ्या, गाडीच्या बाबतीत नेमके हेच खरे नसते. डाव्या वळणावर ड्रिफ्ट चालू असताना गाडीचे नाक ती प्रत्यक्ष ज्या दिशेने सरकत असते तिच्याही बरेच डावीकडे रोखलेले असते, मागची चाके गाडीच्या वेगापेक्षा कितीतरी अधिक वेगाने फिरत रस्त्यावर घसरत असतात, आणि पुढची चाके चालकाने उजवीकडे, म्हणजे वळणाच्या उलट दिशेला, चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत वळवलेली असतात. यालाच काउंटर-स्टिअर म्हणतात. अशी गाडी अलाइनमेंटच्या रॅकवर सरळ चाकांनी उभी करून जे आकडे मिळतात, ते तिच्या सर्वांत कमी महत्त्वाच्या अवस्थेचे असतात. म्हणून माझे ठाम मत असे आहे की, ड्रिफ्ट गाडीचे अलाइनमेंट चाके पूर्ण वळवून तपासले नसेल, तर ते अर्धेच झालेले असते.

मी कामानिमित्त जपानमध्ये राहतो आणि फुकुशिमा प्रांतातील निहोनमात्सु येथील एबिसु सर्किटवर मित्रांसोबत एक निस्सान सिल्व्हिया एस१३ चालवतो. पुढे जे लिहिले आहे, ते मुख्यतः याच गाडीला धरून आहे. एस१३ ही १९८८ साली आलेली, इंजिन पुढे आणि चाल मागच्या चाकांना असलेली हलकी गाडी आहे. तिच्या पुढच्या बाजूस मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला अनेक आर्म असलेले) सस्पेन्शन आहे. १९९१ पासून तिच्यात दोन लिटरचे एसआर२०डीईटी हे टर्बो इंजिन आले, ज्याची मूळ ताकद २०५ अश्वशक्ती होती. बाजारात तिच्यासाठी कमीजास्त करता येणारे आर्म आणि रॉड इतके उपलब्ध आहेत की, चाकाचा जवळजवळ प्रत्येक कोन हवा तसा लावता येतो, आणि ड्रिफ्ट शिकणाऱ्यांमध्ये ती इतकी वर्षे टिकून राहण्याचे हेही एक मोठे कारण आहे. काही एस१३ गाड्यांमध्ये मागची चाके स्वतःहून किंचित वळवणारी हायकास ही यंत्रणा असते. ती काढून तिथे पक्का रॉड बसवल्याशिवाय मागच्या चाकांच्या टोविषयी (वरून पाहता चाके पुढच्या बाजूला जितकी आत किंवा बाहेर वळलेली असतात तो कोन) बोलण्यात काही अर्थ नाही, कारण तो कोन चालत्या गाडीत बदलत राहतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वरच्याच डाव्या वळणाच्या ड्रिफ्टमध्ये गाडीचा भार वळणाच्या बाहेर, म्हणजे उजवीकडे झुकतो, त्यामुळे पुढचे उजवे चाक सर्वांत जास्त वजन पेलत असते आणि गाडीची पुढची बाजू वळणात टिकवण्याचे काम मुख्यतः तेच करते. ते चाक रस्त्यावर सपाट टेकले, तर पुढची पकड चांगली. ते एका कडेवर उभे राहिले, तर गाडी वळणाबाहेर वाहत जाते आणि चालक कितीही कुशल असला तरी गाडीचा कोन (तिचे नाक आणि सरकण्याची दिशा यांतला) टिकत नाही. चाक वरून आत झुकलेले असेल तर त्या कोनाला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात आणि बाहेर झुकलेले असेल तर पॉझिटिव्ह. चाक ज्या अक्षाभोवती वळते, तो अक्ष बाजूने पाहता वरच्या टोकाशी मागे कललेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. समोरून पाहता तोच अक्ष वरच्या टोकाशी गाडीच्या आत कललेला असतो, तो किंगपिनचा कल. हे दोन्ही कल असल्यामुळे चाक वळवले की त्याचा कॅम्बर बदलतो.

साध्या रेसिंगच्या चर्चेत कॅस्टरची फार स्तुती केली जाते, आणि ती योग्यही आहे: गाडी डावीकडे वळताना चाके डावीकडेच वळलेली असतात, आणि कॅस्टरमुळे बाहेरचे म्हणजे उजवे चाक वरून आत झुकते, हवा असलेला निगेटिव्ह कॅम्बर आयताच मिळतो. पण काउंटर-स्टिअरमध्ये गाडी डावीकडे वळत असते आणि चाके उजवीकडे वळलेली असतात. आता तोच कॅस्टर त्याच भार पेलणाऱ्या उजव्या चाकाला वरून बाहेर झुकवतो. किंगपिनचा कल तर चाक कोणत्याही बाजूला वळवले तरी त्याला बाहेरच झुकवतो. म्हणजे ज्या चाकावर सारे अवलंबून, त्याच्याच विरुद्ध दोन्ही कोन एकत्र काम करतात. "कॅस्टर जितका जास्त तितका चांगला" हा सल्ला ग्रिप रेसिंगमधून (टायर न घसरवता केलेल्या साध्या रेसिंगमधून) उचलून ड्रिफ्टमध्ये तसाच लावला जातो, त्याची अडचण इथे आहे.

आकड्यांत पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. कॅस्टर ७ अंश, किंगपिनचा कल १३ अंश आणि चाक ४५ अंश वळवलेले आहे असे धरू. कॅस्टरमुळे होणारा बदल साधारणपणे ७ गुणिले साइन ४५, म्हणजे ५ अंशांच्या जवळपास येतो. किंगपिनमुळे होणारा बदल १३ गुणिले (१ वजा कोसाइन ४५), म्हणजे ३.८ अंश. दोन्ही मिळून ८.८ अंशांचा पॉझिटिव्ह कॅम्बर त्या उजव्या चाकाला मिळतो. गाडी सरळ उभी असताना आपण ५ अंश निगेटिव्ह कॅम्बर ठेवला असेल, तरी पूर्ण काउंटर-स्टिअरमध्ये ते चाक ३.८ अंश बाहेर झुकलेले असते, आणि गाडीचे अंग बाहेर कलते तो बदल यात अजून धरलेलाच नाही. आतल्या डाव्या चाकाचा हिशेब वेगळा आहे: तिथे कॅस्टर आणि किंगपिन एकमेकांची वजाबाकी करतात, त्यामुळे ते चाक सुमारे ६ अंश निगेटिव्ह राहते, पण त्याच्यावर वजनच थोडे असते, म्हणून त्याची फारशी चिंता करावी लागत नाही. ड्रिफ्ट गाड्यांची पुढची चाके उभ्या गाडीत इतकी तिरकी का दिसतात, याचे उत्तर या हिशेबात आहे. तो दिखावा नव्हे. चाक वळल्यावर जे हिरावून घेतले जाणार आहे, त्याची आगाऊ तरतूद आहे.

हे तपासण्यासाठी महागड्या यंत्राची गरज नसते. आम्ही वर्कशॉपमध्ये प्रत्येक पुढच्या चाकाखाली फरशीचे दोन तुकडे ठेवतो आणि त्यांच्यामध्ये भरपूर ग्रीस लावतो, म्हणजे गाडीचे वजन चाकावर असतानाही चाक सहज वळते आणि टायर पिळला जात नाही. मग फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडायचा, आणि दोऱ्यापासून रिमच्या वरच्या कडेपर्यंतचे व खालच्या कडेपर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने मोजायचे. टायरच्या फुगीर बाजूवर मोजले तर आकडा चुकतो, म्हणून पट्टी रिमच्या धातूलाच टेकवावी. १७ इंची चाकाच्या रिमची एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची उंची सुमारे ४५० मिलिमीटर भरते. त्यामुळे दोन अंतरांतील प्रत्येक ८ मिलिमीटरच्या फरकाला १ अंश कॅम्बर धरता येतो. ५ अंश निगेटिव्ह असलेल्या सरळ चाकात वरची कड खालच्या कडेपेक्षा ३९ मिलिमीटर आत भरते. नंतर स्टिअरिंग पूर्ण वळवून भार पेलणाऱ्या चाकावर हेच माप पुन्हा घ्यायचे. आता वरची कड २५-३० मिलिमीटर बाहेर आलेली दिसते. हे प्रात्यक्षिक नवख्याला दाखवले की कॅस्टर-किंगपिनची सारी चर्चा त्याला एका क्षणात पटते, असा माझा अनुभव आहे. कॅस्टर मोजायचा असेल, तर चाक २० अंश बाहेर आणि २० अंश आत वळवून दोन्हीकडचा कॅम्बर घ्यावा, आणि त्यांतील फरकाला दीडने गुणावे. येणारे उत्तर घरगुती कामासाठी पुरेसे अचूक असते.

मग कॅस्टर ठेवायचाच कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. सायकलचा पुढचा फोर्क जसा मागे कललेला असतो आणि त्यामुळे चालत्या सायकलचे हँडल आपोआप जाण्याच्या दिशेला येते, तेच काम गाडीत कॅस्टर करतो. ड्रिफ्ट सुरू होताच चालक स्टिअरिंग हातांतून मोकळे सोडतो आणि चाके स्वतःच गाडी जिकडे सरकते आहे तिकडे वळतात. डावीकडून उजवीकडे ड्रिफ्ट बदलताना तर स्टिअरिंग इतक्या वेगाने फिरते की हाताने तसे फिरवणे शक्यच नसते. कॅस्टर फार कमी केला तर हा परतावा मंदावतो, आणि बदलाच्या क्षणी गाडी चालकाच्या पुढे निघून जाते. म्हणून आम्ही ६ ते ७ अंशांवर थांबतो आणि उरलेली भरपाई कॅम्बरने करतो. स्टिअरिंगचा अत्यंत मोठा कोन देणाऱ्या महागड्या किटमध्ये नकलचीच (चाक ज्यावर बसते आणि ज्याच्यासह वळते त्या भागाचीच) रचना बदलून किंगपिनचा कल कमी केलेला असतो, आणि माझ्या मते त्या किटची खरी किंमत तिथेच वसूल होते; जास्तीच्या अंशांचे जाहिरातीतले आकडे त्यामानाने दुय्यम आहेत.

स्टिअरिंगच्या कोनाबद्दल बोलायचे तर, रस्त्यावरच्या साध्या गाडीचे पुढचे चाक साधारण ३५ ते ४० अंशांपर्यंत वळते आणि स्पर्धेच्या ड्रिफ्ट गाड्यांमध्ये ते ६० अंशांच्याही पुढे नेलेले असते. सुरुवातीला स्टिअरिंग रॅकमध्ये (टाय रॉडना डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या भागात) स्पेसर घालून थोडे अंश वाढवता येतात, मग नकलचा स्टिअरिंग आर्म आखूड करतात, आणि शेवटी पूर्ण किट येते. या वाटेवर दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. पहिली सुरक्षिततेची: कोन फार वाढवला आणि टाय रॉड व स्टिअरिंग आर्म एका सरळ रेषेत आले, तर चाक त्या स्थितीत अडकते आणि परत येत नाही. तेव्हा दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, गाडी जॅकवर असताना आणि जमिनीवर असताना, ही रेषा गाठली जात नाही याची खात्री करून घ्यावी, आणि गरज पडल्यास स्टिअरिंग रॅकला थांबा बसवावा.

दुसरी गोष्ट ॲकरमनची आहे. म्युनिकच्या लांकेन्श्पेर्गर या गाडी बनवणाऱ्या कारागिराची ही कल्पना, आणि त्याच्या वतीने रुडॉल्फ ॲकरमन यांनी १८१८ मध्ये इंग्लंडात तिचे पेटंट घेतले, म्हणून नाव त्यांचे राहिले. घोडागाडीच्या काळातली ही रचना सांगते की, वळताना आतले चाक लहान वर्तुळात फिरत असल्यामुळे ते बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळले पाहिजे. एस१३ च्या २४७५ मिलिमीटरच्या व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतरावर) पूर्ण ॲकरमन लावला आणि एक चाक ४५ अंश वळवले, तर दुसरे सुमारे ३३ अंशांवरच राहील. आता ड्रिफ्टचा हिशेब करून पाहा. वळणाची त्रिज्या २५ मीटर आणि गाडीचा कोन ४० अंश धरला, तर पुढची दोन चाके रस्त्यावर ज्या दिशांनी प्रत्यक्ष सरकतात, त्यांत जेमतेम २ अंशांचा फरक येतो, आणि तोही ॲकरमनच्या उलट बाजूचा असतो. म्हणजे पूर्ण ॲकरमन असलेल्या गाडीत दोन चाके एकमेकांशी झगडतात, एक तरी चाक आडवे घासत राहते, आणि गाडी मोठ्या कोनात गेली की कुणीतरी ब्रेक लावल्यासारखा तिचा वेग मोडतो. ड्रिफ्टसाठी बनवलेल्या नकलमध्ये दोन्ही चाके जवळजवळ समांतर का ठेवतात, हे यावरून कळते. तपासण्याची रीत सोपी आहे: चाके पूर्ण वळवून दोन्ही चाकांच्या बाजूला लांब सरळ पट्ट्या लावाव्यात आणि त्या पट्ट्या पुढे एकमेकींपासून किती फाकतात ते पाहावे.

पुढच्या टोविषयी फार लिहिण्यासारखे नाही. आम्ही दोन्ही चाके मिळून १ ते २ मिलिमीटर टो-आउट (पुढच्या बाजूला बाहेर फाकलेला टो) ठेवतो, म्हणजे ड्रिफ्टमध्ये शिरताना गाडीचे नाक लवकर हलते. चाके ४० अंश वळलेली असताना हा दहाव्या हिश्श्याचा अंश जाणवत नाही.

मागच्या बाजूला मात्र सारी विचारसरणी बदलते. तिथे चाके वळत नाहीत. त्यांचे काम इंजिनची ताकद रस्त्यावर पोहोचवून घसरता घसरताही गाडीला पुढे ढकलणे हे आहे, आणि त्यासाठी टायर पूर्ण रुंदीने टेकलेला हवा. एस१३ मागून खाली बसवली की मल्टिलिंकमुळे चाके आपोआप आत झुकतात, आणि पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी मागे बसते तेव्हा ती आणखी झुकतात. म्हणून उभ्या गाडीत शून्य ते १ अंश निगेटिव्ह इतकाच कॅम्बर ठेवावा. गाडी खूप खाली केलेली दिसावी म्हणून मागची चाके तीन-चार अंश तिरकी ठेवणारे अनेक जण भेटतात. त्यांच्या टायरची आतली कड तारांपर्यंत जाते आणि बाहेरच्या अर्ध्या भागावर साच्यातले केससुद्धा शाबूत राहतात. अर्धा टायर वापरून पूर्ण टायरचे पैसे मोजणे मला पटत नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तशा गाडीला वळणातून पुढे ढकलणारा जोरच मिळत नाही.

मागचा टो दोन्ही चाके मिळून सुमारे २ मिलिमीटर आत ठेवला, तर गाडी ड्रिफ्टमधून सरळ होताना सावध राहते. तो शून्यापलीकडे बाहेर गेला की दिशाबदलाच्या वेळी मागची बाजू फटक्यासरशी फिरते. पण इथे आकड्यापेक्षा बुशची (आर्मच्या सांध्यांतल्या रबरी नळ्यांची) अवस्था मोठी ठरते. तीस वर्षांपूर्वीच्या गाडीचे मूळ रबरी बुश दाबले जाऊन उभ्या गाडीतला टो चालत्या गाडीत राहतच नाही. त्यामुळे कठीण बुश किंवा गोलाकार जॉइंट बसवल्याशिवाय मिलिमीटरचा आग्रह धरणे व्यर्थ आहे. टोयोटा एई८६ चालवणाऱ्यांना हा व्यापच नसतो: त्या गाडीचा मागचा ॲक्सल एकसंध असल्यामुळे कॅम्बर आणि टो दोन्ही कारखान्यातून ठरून येतात, चाक नेहमी जवळजवळ सपाट असते, आणि चालक टायर व हवेकडे पूर्ण लक्ष देऊ शकतो. कमी ताकदीच्या त्या गाडीत ड्रिफ्ट इतका स्वच्छ का दिसतो, याचे श्रेय मी काही अंशी या साधेपणाला देतो.

टायरचा विचार पुढच्या आणि मागच्या पकडीच्या तोलापासून सुरू करावा लागतो. पुढे नेहमी परवडेल तितका चिकट टायर घालावा, कारण पुढची पकड ड्रिफ्टमध्ये कधीच जास्त होत नाही. मागे किती पकड ठेवायची, हे इंजिन ठरवते. ताकदीच्या मानाने मागची पकड जास्त झाली, तर ड्रिफ्टच्या मध्यावर टायर अचानक रस्ता पकडतो आणि गाडी झटक्याने सरळ होऊन भलत्याच दिशेला जाते. नवशिक्यांच्या बहुतेक धडका अशाच होतात. पकड फार कमी झाली, तर गाडी जागच्या जागी गरगरते, धूर होतो पण वेग राहत नाही. अमेरिकन मानकानुसार टायरच्या बाजूवर ट्रेडवेअरचा आकडा छापलेला असतो. १०० हा त्यातला संदर्भ-टायर, म्हणजे २०० चा टायर तत्त्वतः त्याच्या दुप्पट टिकावा; आकडा मोठा होतो तसे रबर साधारणपणे कठीण होत जाते. सुमारे २०० अश्वशक्तीच्या एस१३ ला पुढे २०० ट्रेडवेअरचे २१५/४५ आर१७ आणि मागे त्याच मापाचे पण ३०० ते ४०० च्या आसपासचे टायर, ही जोडी शिकण्यासाठी मला सर्वांत योग्य वाटते. ताकद वाढली की मागचा टायर आधी मऊ करावा आणि मग रुंद करावा.

हवा हे या सगळ्यातले सर्वांत स्वस्त साधन आहे आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित. पुढे आम्ही थंड टायरमध्ये ३० ते ३२ पीएसआय ठेवतो आणि त्याला सहसा हात लावत नाही. मागे कमी ताकदीच्या गाडीत ४० ते ४५ पीएसआयपर्यंत हवा चढवली की टायर कडक होतो, टेकणारा भाग आकुंचन पावतो, आणि गाडी सहज घसरू लागते. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवलेला असेल, तर आडव्या भाराखाली टायरची कड रिममधून सुटू नये म्हणूनही ही जास्तीची हवा लागते. जास्त ताकदीच्या गाडीत उलटी वाट धरावी लागते. फॉर्म्युला ड्रिफ्ट किंवा डी१ ग्रां प्री या व्यावसायिक ड्रिफ्ट स्पर्धांच्या पातळीवर, जिथे गाड्यांची ताकद १००० अश्वशक्तीच्या घरात जाते आणि मागून पाठलाग करणाऱ्या गाडीला पुढच्या गाडीच्या दाराशी चिकटून राहायचे असते, तिथे मागच्या टायरमधील हवा २० पीएसआयच्याही खाली उतरवतात, कारण तिथे घसरणे सोपे आणि वेग मिळवणे अवघड असते. त्या संघांचे आकडे वाचून आपल्या साध्या गाडीत हवा कमी करणे धोक्याचे आहे: ड्रिफ्ट तर होत नाहीच, उलट टायर रिमवरून उतरण्याची भीती राहते.

मागचा टायर काही फेऱ्यांतच तापतो, त्याच्या पृष्ठभागाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि आतली हवा अनेक पीएसआयने वाढते. म्हणून गाडी पिटमध्ये आल्याबरोबर, टायर निवायच्या आत, गरम हवेचा आकडा लिहून ठेवावा. दोन दिवसांची तुलना करायची तर ती गरम आकड्यांचीच करावी. एबिसुला वसंत ऋतूतल्या सकाळी कडाक्याची थंडी असते आणि दुपारी ऊन तापते, तेव्हा सकाळी भरलेली थंड हवा दुपारच्या टायरबद्दल काहीच सांगत नाही. त्याच वेळी सुईच्या थर्मामीटरने रबराचे तापमान आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला मोजावे. मध्यभाग जास्त गरम असेल तर हवा जास्त आहे, दोन्ही कडा गरम असतील तर कमी आहे, आतलीच कड गरम असेल तर निगेटिव्ह कॅम्बर जास्त झाला आहे. थर्मामीटर नसेल तर टायर डोळ्यांनी वाचता येतो: चांगल्या सेटअपचा मागचा टायर एका कडेपासून दुसरीपर्यंत सारखा, बारीक खरखरीत दिसतो, वाईट सेटअपमध्ये एका बाजूला वितळलेल्या रबराच्या गाठी आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत चकाकी असते. पुढच्या टायरमध्ये बाहेरची कड गोल होऊन झिजत असेल, तर वरच्या हिशेबातला पॉझिटिव्ह कॅम्बर तिथे छापून आला आहे असे समजावे आणि उभ्या गाडीतला निगेटिव्ह कॅम्बर अर्धा-एक अंशाने वाढवावा.

कामाचा क्रमही ठरलेला असावा. आधी चारही टायरमध्ये नेमकी हवा, मग चालकाच्या जागेवर चालकाइतके वजन, मग गाडीची उंची, आणि त्यानंतरच कोन. मागचा कॅम्बर व टो आधी, कारण गाडीची मधली रेषा मागच्या चाकांवरून ठरते. मग पुढचा कॅस्टर, त्यानंतर कॅम्बर, आणि सर्वांत शेवटी पुढचा टो, कारण आधीचे प्रत्येक माप बदलले की टो हलतो. टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना, तिच्या मधल्या रेषेशी समांतर दोन दोरे ताणून प्रत्येक रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपर्यंतचे अंतर मोजण्याची जुनी पद्धत मला संगणकाइतकीच विश्वासार्ह वाटते. एका चाकावरचा १ मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे ०.१३ अंश. गाडी फार खाली केली असेल, तर चाक वर-खाली होताना टाय रॉड आणि खालचा आर्म वेगवेगळ्या चापांत फिरतात आणि टो आपोआप बदलतो. ज्या कोर्सवर गाड्या उंचवट्यावरून हवेत उडून वळणात शिरतात, तिथे चाके मोकळी लोंबकळून पुन्हा जमिनीला टेकताना हा दोष लगेच जाणवतो, म्हणून त्या कोर्सवर जाण्याआधी जॅकने गाडी उचलून आणि खाली सोडून टो किती हलतो ते पाहून घ्यावे.

दिवसभराच्या सरावात पुढची चाके कर्बवर आपटतात, कधी दुसऱ्या गाडीला लागतात, आणि टाय रॉड किंचित वाकतो. चाकाला उघड्या डोळ्यांनी काही झालेले दिसत नाही, पण डावीकडचा ड्रिफ्ट पूर्वीसारखा होतो आणि उजवीकडचा होत नाही. असे वाटू लागले की चालवण्याची पद्धत बदलण्याआधी गाडी बाहेर काढावी, स्टिअरिंग सरळ करून दोऱ्याने दोन्ही बाजूंचा टो मोजावा, आणि रॉड वाकलेला आढळला तर तो ठोकून सरळ न करता बदलावा, कारण एकदा वाकलेले पोलाद त्याच जागी पुन्हा लवकर वाकते. आमच्या गाडीत दोन जादा टाय रॉड, त्यांचे पाने आणि दोऱ्याचे रीळ नेहमी असते.